बंद नळीतली साखर

विज्ञानातून बोध काढणाऱ्या माणसांचा सपकळ सरांना भारी राग. आमच्या बारामतीच्या कॉलेजात एकदा एक पाहुणे आले आणि मुलांना म्हणाले, "अणूसारखं एकत्र राहा, फुटलात तर विनाश." टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेतले सर टाळ्या संपेपर्यंत थांबले, उठले आणि अगदी नम्रपणे म्हणाले, "साहेब, अणूला भाऊबंदकी नसते. आपली त्याच्यावर लादू नये." पाहुणे हसले. प्राचार्य काही हसले नाहीत.

सर गेले त्याला आता वर्ष होत आलं. त्यांच्यावर लिहायला बसले तर पहिली पंचाईत हीच, की पुढे जे सांगणार आहे त्यातून बोध काढायचा मोह कुणालाही होईल. मी तो काढणार नाही. वाचणाऱ्याला काढायचा असेल तर त्यानं आपल्या जबाबदारीवर काढावा.

त्यांच्या हाताखाली मी बरीच वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. माणूस उंच, किंचित वाकलेला, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, आणि खिशात पेनाशेजारी एक छोटी बॅटरी. बॅटरीच्या काचेवर लाल कागद चिकटवलेला. तो कशासाठी, हे मला फार उशिरा कळलं. दुसरी सवय पडद्याची. सर मूळचे सणसरचे, उसाच्या रानात उन्हातान्हात वाढलेले, पण खोलीत शिरले की बसायच्या आधी पडदा ओढणार. स्टाफरूममध्ये आम्ही कुरकुरायचो. ते म्हणायचे, "उजेड फार आगाऊ असतो."

आणि तिसरी, सगळ्यात छळणारी सवय म्हणजे त्यांचा प्रश्न. "पाहिलंस का?" शिपायानं येऊन सांगितलं, प्राचार्य केबिनमध्ये आहेत, की लगेच, "पाहिलंत का?" मी म्हटलं, अमक्याच्या मुलीचं लग्न मोडलं, की, "तू पाहिलंस?" आता लग्न मोडताना कोण पाहायला जातं? पण सरांपुढे गप्पा मारायची सोयच नव्हती. मुलांनी जर्नलमध्ये पुस्तकातलं उत्तर उतरवलं, तर त्यावर लाल रेघ. स्वतः मोजलेलं चुकीचं उत्तर लिहिणाऱ्याला त्याहून जास्त मार्क. "चुकलंय, पण त्यानं पाहिलंय," असं म्हणून सही करायचे. विषयात इतका मुरलेला माणूस, पण नावामागे डॉक्टर नाही. संशोधन अर्धवट सोडून आले, झेपलं नसेल, असं लोक त्यांच्यामागे बोलत. माझ्या कानावरही ते होतं आणि मीही ते खरंच धरलं होतं.

दर जानेवारीत सर एक प्रयोग दाखवायचे. निवृत्त झाल्यावरही त्या एका दिवसासाठी यायचे. प्रयोगाला द्रवरूप नायट्रोजन लागतो आणि तो आमच्याकडे बबनराव आणून द्यायचे. बबनराव माझ्या गावचे, काटेवाडीचे. गाईंना कृत्रिम रेतन करणं हा त्यांचा धंदा. मोटरसायकलच्या मागे नायट्रोजनचं जाड ॲल्युमिनियमचं भांडं बांधून ते बारामती आणि इंदापूर तालुक्यातले गोठे पालथे घालत. त्या भांड्यात वळूंच्या वीर्याच्या बारीक कांड्या बुडवून ठेवलेल्या असतात. सगळं गाव त्यांना डॉक्टर म्हणतं. सरही म्हणत, आणि त्यात चेष्टेचा लवलेश नसे.

प्रयोग साधा होता. दोन परीक्षानळ्या, एकीत नुसतं पाणी, दुसरीत अल्कोहोल आणि थोडं पाणी. दोन्ही नायट्रोजनमध्ये बुडवायच्या. पाण्याचा पांढराफटक बर्फ व्हायचा, कधी नळी तडकायची. दुसरीतलं द्रावण मात्र गोठायचं तरी काचेसारखं आरपार राहायचं. मुलं नळी तिरकी करून बघायची. आत काही हलायचं नाही.

"आता ह्यावर गॅमा किरण सोडले असं धरा," सर सांगायचे. "रेणूतला एक इलेक्ट्रॉन उडतो. पातळ द्रावणात असता तर पळाला असता, क्षणात कुणाला तरी चिकटला असता. इथं पळायला जागा नाही. जिथं सापडला तिथं बसतो. मागं राहिलेला तुटका तुकडाही तसाच बसतो, एक हात मोकळा ठेवून. त्याला म्हणतात मुक्त मूलक. नावाला मुक्त, जागचं हलता येत नाही. थंडी आहे तोवर बसून राहतो. ऊब लागली की काच सैल पडते, तुकडे हलतात, एकमेकांना भेटतात आणि सगळं संपतं."

मी एकदा म्हटलं, "सर, अणूला भाऊबंदकी नसते, मग रेणूला हात कसा?"

"हात चालतो," ते म्हणाले. "मन चालत नाही."

बारामतीत आमच्याकडे गॅमा किरण कुठले असायला? म्हणून मुलांना पुढचा भाग दिसायचा नाही, सर तो सांगायचे. अडकलेल्या इलेक्ट्रॉनांमुळे ती काच जांभळी होते. "कसला जांभळा, सर?" असं कुणीतरी विचारायचंच. तेव्हा ते थोडे थांबायचे. "जांभळं खाऊन हात धुतल्यावर बोटांवर राहतो तो." एवढं बोलून विषय बंद करायचे आणि पडदे पुन्हा नीट ओढायचे.

एकदा बबनरावांनी मागच्या बाकावरून विचारलं, "सर, ते किरण मारल्यालं खाल्लं तर मानूस मरतं का?"

"नाही डॉक्टर. किरण येतात आणि जातात. मागं राहतो तो मोडलेला माल."

"मंग आमच्या कांड्यांना मारू नगा म्हंजी झालं," बबनराव म्हणाले, आणि वर्ग हसला. सरही हसले. त्यांचं हसणं इतकं दुर्मिळ, की मला ती तारीखसुद्धा सांगता येईल, पण ते म्हणतील, लिहून ठेवली होतीस का?

तर अशाच एका जानेवारीत गोष्ट घडली. तोवर आम्ही कॉलेजसाठी एक छोटं जुनं भांडं मिळवलं होतं. बबनराव दोन दिवस आधी ते भरून देत. त्याच्यावर लक्ष ठेवायचं काम प्रयोगशाळेतल्या मंदाताईंकडे. प्रयोगाच्या दिवशी सकाळी झाकण काढलं तर आत थेंब नाही. पन्नास मुलं दारात उभी. माझा पारा चढला आणि मी सगळ्यांसमोर म्हणाले, "मंदाताईंनी झाकण नीट बसवलं नसणार."

मंदाताईंनी झाकण उचलून पुन्हा भांड्यावर बसवलं. त्या हंगामी होत्या.

सर खिडकीजवळ उभे होते. ते माझ्याकडे वळले. "तू पाहिलंस?" एवढंच म्हणाले, पण आवाज नेहमीचा नव्हता. मी काहीतरी पुटपुटले. "झाकण उघडं राहिलेलं तू पाहिलंस का, शुभांगी?" मी नाही म्हटलं. मग त्यांनी मुलांना बाहेर बसवलं, बबनरावांना फोन लावला आणि ते येईपर्यंत त्या रिकाम्या भांड्याजवळ राखणीला बसल्यासारखे बसून राहिले.

बबनराव आले. त्यांनी आपल्या भांड्यातला थोडा नायट्रोजन त्यात ओतला आणि बाहेरून हात फिरवत पाच-दहा मिनिटं थांबले. भांड्याला बाहेरून दव धरलं, मग बर्फाचा पांढरा थर चढला.

"हे बगा. बाहीरनं घाम सुटलाय. दोन पत्र्यांच्या मधली पोकळी गेली. आता ह्यात कितीबी वता, ऱ्हाणार न्हाय. बाईंची काय चूक न्हाय ह्यात."

मी मंदाताईंची माफी मागितली. लाज वाटली, ती अजून वाटते. पण सरांचं समाधान झालं नाही. त्यांनी मला बाहेर ओढून नेलं आणि म्हणाले, "मुलांसमोर बोललीस ना? मग मुलांसमोरच माग." मी पुन्हा मागितली, पन्नास मुलांसमोर.

त्या दुपारी कँटीनमध्ये त्यांनी मला ते सांगितलं. चहा पुढ्यात थंड होत होता.

चाळीस वर्षांपूर्वी ते पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत याच विषयावर काम करत होते. कोबाल्टच्या कोठीत नळ्या किरणवायच्या, म्हणजे त्यांच्यावर गॅमा किरण सोडायचे, नायट्रोजनमध्ये अंधारात ठेवायच्या, आणि त्यातले अडकलेले इलेक्ट्रॉन किती दिवसांत किती घटतात ते मोजायचं. एक नळी त्यांनी तीन आठवडे सांभाळली होती. सगळा प्रबंध त्या नळीवर उभा होता. तिथे किसन ढवळे नावाचा मदतनीस होता, इंदापूरकडचा, सरांपेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठा. शिक्षण सातवी, पण काचेची नळी ज्योतीवर धरून तोंड बंद करावं ते किसननं. सुट्टीच्या दिवशी नायट्रोजनची पातळी राखायचं कामही त्याच्याकडे.

एका सोमवारी सरांचे वडील सणसरहून अचानक आले. ते साखर कारखान्यात काट्यावर होते, गाड्यांचं वजन करायला. येताना गुळाची ढेप घेऊन आले आणि म्हणाले, "तू करतूस तरी काय नेमकं, दाव की."

"मी दाखवलं," सर मला म्हणाले. "आत फक्त लाल बॅटरी, लाल उजेड नळीला फारसा बाधत नाही. त्यात त्यांना काही नीट दिसेना. म्हणून नळी काचेच्या थर्मासात घालून खिडकीशी नेली. वडील बघत राहिले. त्यांचा चेहरा मी त्यापूर्वी तसा कधी पाहिला नव्हता. आणि त्यांच्या डोळ्यांदेखत तो रंग उडत गेला. मला माहीत होतं. उजेड लागला की अडकलेले इलेक्ट्रॉन सुटतात, हे मला पाठ होतं. तरी मी नळी आत नेली नाही. वडील म्हणाले, 'उडालं की रं. ऊन लागलं वाटतं.'"

दुसऱ्या दिवशी मोजणीत काहीच आलं नाही. मार्गदर्शकांनी विचारलं, काय झालं? सर म्हणाले, "रविवारी नायट्रोजन कमी झाला असेल." एवढं एकच वाक्य. किसनला बोलावलं. त्यानं सांगितलं, पातळी पुरी होती. पण त्याचं कोण ऐकणार? हंगामी माणूस. महिनाअखेर त्याला घरी पाठवलं.

"मी रोज ठरवायचो, उद्या सांगू," सर म्हणाले. "मग तो गेलाच. नंतर माझं तिथं लक्ष लागेना. सोडून आलो."

मी विचारलं, "त्यांना शोधलंत का?"

"नाही. शोधलं असतं तर सापडला असता. इंदापूर काय लांब आहे?" त्यांनी खिशातून रुमालात गुंडाळलेली काचेची नळी काढली. दोन्ही तोंडं बंद, आत साखर, किंचित पिवळट. "त्याच महिन्यात किरणवलेली. हिला टिकायला थंडी लागत नाही. स्फटिक घट्ट असतो, ओल लागू दिली नाही की मूलक वर्षानुवर्षं बसून राहतात. किसनच्या हातचं बंद केलेलं तोंड आहे. पाण्यात विरघळली की सगळे एकदम सुटतात आणि थोडा उजेड पडतो. एकदाच. मी वाट बघत बसलो, कधी दाखवायची आणि कुणाला."

मी विचारल्यावर किसनराव ढवळे बबनरावांना दोन मिनिटांत सापडले. "अवो, त्यांच्या गायीला मीच जातो की. इंदापूरच्या पुढं, धरणाच्या पाण्याकडंला वस्ती हाय. म्हातारा कडक हाय पर."

फेब्रुवारीतल्या एका रविवारी मी सरांना माझ्या गाडीतून घेऊन गेले. त्यांच्या मांडीवर पिशवी, पिशवीत नळी, एक काचेचा पेला आणि ल्युमिनॉलची पुडी. ल्युमिनॉलनं तो उजेड वाढतो. वाटेत सणसर आलं आणि गेलं, सरांनी स्वतःच्या गावाकडे मान वळवून पाहिलं नाही. निमगावाशी चहाला थांबू का विचारलं तर म्हणाले, "थांबलो तर परत फिरायला सांगेन."

किसनराव अंगणात बाजेवर बसले होते. अंग सुकलेलं, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. त्यांनी सरांना लगेच ओळखलं.

"सपकळ का? या. बसा." आवाजात राग नव्हता आणि आगतस्वागतही नव्हतं.

सरांनी पिशवी उघडून नळी त्यांच्या हातात दिली. किसनरावांनी ती डोळ्यांजवळ नेली, नळीच्या बंद तोंडावरून अंगठा फिरवला. "आपलंच काम हाय. निसटलं न्हाय अजून."

"तुला हे दाखवायला आणलंय. दहा-पंधरा मिनिटं अंधारात बसावं लागेल. डोळे तयार व्हावे लागतात."

"तितं असताना कवा कुणी दावलं न्हाय," किसनराव म्हणाले. "नळ्या मी बंद करायच्या आणि आत तुमी बघायचं."

भर दुपारी त्यांच्या मुलानं, सुनीलनं, खोलीच्या खिडकीला दोन गोधड्या टांगल्या आणि दार ओढून घेतलं. तो आणि त्याची बायको बाहेर थांबले. आत आम्ही तिघं. सरांनी लाल कागदाची ती बॅटरी लावून पाण्यात पुडी कालवली आणि मग बॅटरी विझवली. काही दिसेना. बाहेर गाय साखळी ओढत होती, तेवढा आवाज.

"किसन," सर म्हणाले, "त्या रविवारी पातळी पुरी होती. नळी मी खराब केली. वडलांना दाखवायला खिडकीशी नेली. आणि दोष तुझ्यावर ढकलला."

मला स्वतःच्या श्वासाचीही लाज वाटायला लागली.

"मला ठावं हाय," किसनराव म्हणाले. "मी चा घिऊन दारात हुतो. म्या बघितलं."

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलू? तुमचे वडील गुळाची ढेप मांडीवर घिऊन बसलेले. पोराचं कवतिक बघत हुते. साहेबांफुडं त्यांचं नाव काढू? मला वाटलं, तुमी सांगशीला. आज न्हाय तर उद्या."

किसनरावच पुढे बोलले.

"नोकरीचं मी कवाच सोडलं. रानात राबलो, पोरं शिकली, काय कमी पडलं न्हाय. पर आमची ही गेली चार वर्सांमागं. ती म्हनायची, तुमी तवा झोपला असशीला, म्हनून नळी गेली. म्या सांगायचो न्हाय म्हनून. तिला कवा पटलं न्हाय. तिला तुमी आता कसं सांगनार, सपकळ?"

त्या अंधारात सर रडत होते. दिसत नव्हतं, पण मला कळत होतं. किसनरावांनाही कळलं असणार. त्यांनी समजूत घातली नाही.

थोड्या वेळानं तेच म्हणाले, "झाले का डोळे तयार? मंग वता."

नळीचं तोंड मोडल्याचा बारीक आवाज झाला. मी पेला असेल तिकडे डोळे ताणून पाहत राहिले. साखर पाण्यात पडल्याची सळसळ ऐकू आली. मला वाटतं, काहीतरी निळसर हललं. पण सरांच्या कसोटीला लावायचं तर मी पाहिलं असं म्हणू शकत नाही.

"दिसलं का?" सरांनी विचारलं.

"दिसलं," किसनराव म्हणाले. "तळाला. निळं. हे काय, चाललं बी." मग म्हणाले, "चांगलं ऱ्हायलं की चाळीस वर्सं."

"तोंड चांगलं बंद केलं होतंस."

बाजूला काहीतरी सरकल्याचा आवाज आला. किसनराव उठले होते. "आता बाहीर चला. माज्याफुडं अंधारात सांगितलं, ते ऱ्हाऊ द्या. सुनील हाय, सूनबाई हाय. ह्यांनीबी त्यांच्या आईचंच ऐकलंय आजवर."

त्यांनी दार ढकललं. फेब्रुवारीचं ऊन एकदम आत आलं आणि मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा सर उंबरठ्यावर उभे होते. हात कपाळाशी नेऊन त्यांनी डोळ्यांवर सावली धरली होती. आता हे कुठेतरी आडोसा बघतील, असं मला वाटलं. पण त्यांनी हात खाली घेतला, उंबरठ्याबाहेरच्या चपला तशाच राहू दिल्या आणि अनवाणीच अंगणाच्या मधोमध उन्हात जाऊन उभे राहिले. सुनील आणि त्याची बायको काही न कळून त्यांच्याकडे बघत होते.

"तुमचे वडील त्या रविवारी जागे होते," सर म्हणाले. "त्यांनी पातळी पुरी ठेवली होती. नळी काढताना मी स्वतः पाहिली होती."